हा रणगाडा कोणता?

आपल्याकडे अनेक शहरांत एखाद्या चौकात किंवा लष्करी कचेरीच्या दाराशी जुना रणगाडा ठेवलेला असतो. मुले त्याच्यावर चढतात, तोफेच्या नळीला लोंबकळतात, मोठी माणसे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढून घेतात. “हा रणगाडा कोणता?” असे विचारा. उत्तर ठरलेले असते, “पॅटन!” १९६५ च्या युद्धानंतर हे नाव लोकांच्या तोंडी असे बसले की आपल्याच देशात, आवडीच्या कारखान्यात बनलेला ‘विजयंता’सुद्धा त्यांच्या लेखी पॅटनच. मीही एकदा सहलीत मुलांना असेच ठोकून सांगितले होते. घरी येऊन पुस्तक उघडले, तेव्हा कळले की तो शर्मन होता. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल करावी लागली.

नाव चुकले म्हणून काय बिघडले, असे कोणी म्हणेल. मला वाटते, बरेच बिघडते.

१९६५ मध्ये शर्मन रणगाडे भारताकडेही होते आणि पाकिस्तानकडेही. धुळीतून, उसाच्या शेतातून समोर येणारी आकृती आपली की परकी, हे सैनिकाला क्षणात ओळखावे लागे. ओळखण्यात चूक झाली तर आपलाच माणूस मरे. ज्यावर त्यांचे प्राण अवलंबून होते, ते आपण शांतपणे चौकात उभे राहूनही पाहू नये, ही गोष्ट मला खटकते.

दुसरे कारण अब्दुल हमीद यांचे. त्यांचे नाव आपल्या शाळांत दरवर्षी भाषणात घेतले जाते. “त्यांनी पॅटन रणगाडे उडवले” एवढे प्रत्येकाला पाठ असते. पण ते स्वतः कोणत्या गाडीत होते, असे विचारले की वर्ग गप्प होतो. कोणी दबक्या आवाजात म्हणतो, “रणगाड्यात?” नाही. ते जीपमध्ये होते. वर उघडी जीप, अंगाला पातळ पत्रा, तोफेसह वजन जेमतेम दीड टन. समोरचा पॅटन सुमारे ४५ टनांचा, चारी बाजूंनी जाड पोलादी चिलखत आणि ९० मिलिमीटरची तोफ.

जीपवरची तोफ १०६ मिलिमीटरची, ‘रिकॉइललेस’ जातीची होती. म्हणजे गोळा सुटताना तिला मागे धक्का बसत नाही, कारण जळता वायू मागच्या बाजूने बाहेर पडतो. म्हणून तर ती जीपवर बसवता येते. पण त्याच वायूमुळे मागे ज्वाळा आणि धुळीचा लोट उठतो आणि तोफ कुठे आहे ते शत्रूला लगेच दिसते. एक गोळा मारला की जागा बदलायची, पुन्हा लपायचे, पुन्हा रणगाडा जवळ येईपर्यंत थांबायचे. पंजाबातील खेमकरणजवळ, असल उत्तरच्या लढाईत, ४ ग्रेनेडियर्सच्या या हवालदाराने हेच केले. १० सप्टेंबर १९६५ रोजी ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांनी किती रणगाडे फोडले याचे कुठे चार, कुठे सात, कुठे आठ असे आकडे छापलेले दिसतात आणि लोक त्यावर वाद घालतात. आकड्यावर वाद घालण्याआधी जीप आणि पॅटन यांची चित्रे शेजारी शेजारी काढून पाहावीत. मग एक आकडासुद्धा पुरे वाटतो.

ओळखायचे कसे? सोपे आहे, चाके मोजा. टी-५५ ला एका बाजूला पाच मोठी चाके असतात आणि पहिल्या व दुसऱ्या चाकात मोठी फट दिसते. शर्मनला सहा चाके, पण दोन-दोनच्या जोडीने बसवलेली, आणि गाडी उंच. पॅटनलाही सहाच, पण प्रत्येक चाक सुटे. त्यातल्या एम-४८ चा पुढचा भाग होडीच्या नाळेसारखा गोलसर असतो. विजयंताच्या तोफेच्या नळीवर मध्याच्या आसपास एक फुगवटा आढळतो. गोळा सुटल्यावर धूर आत न येता तोंडाकडे ओढला जावा, म्हणून तो असतो. आत माणसे बसलेली असतात ना!

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले. माझे एक सहकारी म्हणतात, “मुलांना हत्यारे कशाला दाखवता? युद्धाची गोडी लागेल.” त्यांची भीती खोटी नाही. पण मला उलटा अनुभव आला. एम-४७ या जुन्या पॅटनमध्ये पाच माणसे बसत, एम-४८ मध्ये चार, हे कळल्यावर एका मुलाने विचारले, “सर, फुटल्यावर ती बाहेर कशी येत?” तोवर टाळ्या वाजवणारा वर्ग त्या प्रश्नाने शांत झाला. लांबून पाहिले तर रणगाडा खेळणे वाटतो. जवळ जाऊन पाहिले की त्याचे झाकण किती अरुंद आहे ते दिसते.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातील चिलखती मोटारीपासून युद्धात पकडलेल्या पॅटनपर्यंत कितीतरी गाड्या तेथे ओळीने उभ्या आहेत. सहल तिकडे जरूर न्यावी. पण सगळ्यांनाच तेथे जाता येत नाही. म्हणून माझी मागणी चौकातल्या रणगाड्यासाठी आहे. मी पाहिलेल्या एका चबुतऱ्यावर उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले ते मोठ्या अक्षरांत कोरले आहे, रणगाड्याचे नाव मात्र कुठेच नाही. तेथे एक साधी पाटी लावावी. तिच्यावर चार गोष्टी असाव्यात: याचे नाव काय, हा कोठे बनला, कोणत्या युद्धात होता आणि याच्या आत किती माणसे बसत.