धुऱ्यापलीकडची पऱ्हाटी

शेतावर गेलं की माणसाची नजर आधी स्वतःच्या पिकावर जाते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती जाते धुऱ्यापलीकडे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ही खोड घरोघरी आहे. शेजाऱ्याला एकरी 8 क्विंटल कापूस झाला, मग आपल्याला 4 च का? पोळ्याच्या तोरणाखालीसुद्धा आपले बैल सोडून दुसऱ्याच्या झुली न्याहाळणारे आपणच!

मी नोकरीनिमित्त शहरात. शेत बाबांच्या अंगावर आणि सल्ले माझे. 2017 च्या पावसाळ्यात एका रविवारी गेलो नि म्हणालो, ‘‘पलीकडच्या काकांची फवारणी पुन्हा झाली. आपण मागं का?’’ बाबा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी पाठीवर पंप बांधून स्वतःच पऱ्हाटीत शिरले. संध्याकाळी ओकाऱ्या, डोळ्यांपुढे अंधारी. तीन रात्री दवाखान्यात काढल्या.

त्या हंगामात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक जण दगावले. शेकडो दवाखान्यात गेले. डोक्यावर गेलेली दाट पऱ्हाटी, दमट हवा, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली आणि तोंडाला फार तर रुमाल. बीटी वाणाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळीही त्याच वर्षी बोकाळली. तेव्हा सगळं खापर तुलनेवर फोडणं बरोबर नाही. पण आमच्या घरची ती फवारणी कीड पाहून झाली नव्हती, शेजार पाहून झाली होती. आणि ती माझ्यामुळे.

बरे झाल्यावर बाबा मला धुऱ्यावर घेऊन गेले. रागावले नाहीत. हातात कुदळ दिली, म्हणाले, ‘‘इथं खण.’’ वीतभरावर मुरूम लागला. मग काकांना विचारून पलीकडे खणायला लावलं. हातभर गेलो तरी काळीच माती! पाऊस दोघांवर सारखाच पडतो. त्यांची जमीन ती ओल कितीतरी दिवस धरून ठेवते, आमची लवकरच सोडून देते. कोरडवाहू कापसाचा निम्मा हिशेब इथंच होतो. मला हे चाळिशीत कळलं, बाबांना जन्मभर ठाऊक होतं. काकांनाही. ते हसून म्हणाले, ‘‘मी त तुह्या नोकरीकडे पाहून पोराले बोलत होतो बाप्पा!’’

बाबांची एक जुनी वही आहे. पेरणी कधी, पाऊस कधी, कितव्या वेच्याला किती कापूस निघाला, सगळं त्यात. शेजारचा आकडा मात्र एकाही पानावर नाही. मी अजून पुरता सुधारलेलो नाही. मुलीचा निकाल लागला की ‘वर्गात कितवी?’ हे ओठांवर येतंच.

परवा गेलो तेव्हा बाबा ओट्यावर वही लिहीत बसले होते. मी सहज विचारलं, ‘‘काकांना यंदा किती झाला?’’

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘कुदळ कोपऱ्यात आहे,’’ म्हणाले आणि पुन्हा लिहू लागले.