विश्वास दिला होता, त्याचं काय केलंत?

अमेरिकेतल्या गुंतवणूक-सल्लागारांनी एक रडगाणं लावलंय. काळ्या माणसांचा आमच्यावर विश्वास नाही, तो मिळवायचा कसा? त्यावर परिसंवाद झडतात. त्यांच्यात मिसळा, त्यांच्या चर्चमध्ये जा, असे उपाय निघतात.

अरे, मागताय काय? विश्वास दिला होता. रोख दिला होता.

३ मार्च १८६५ ला लिंकनच्या सहीनं फ्रीडमन्स बँक निघाली. गुलामीतनं नुकते सुटलेले हमाल, धोबिणी, शेतमजूर पाच-पाच सेंट घेऊन तिच्या दारात गेले. सरकार तुमच्या पैशाला जामीन आहे, असं त्यांना भासवलं. सरकार जामीन नव्हतं. १८७० साली कायदा सैल केला आणि धोबिणीच्या पैशातनं बड्यांच्या दोस्तांना कर्जं गेली. १८७३ ला बाजार कोसळला. मग १८७४ च्या मार्चात अध्यक्ष कुणाला केलं? फ्रेडरिक डग्लसला. तिजोरी पोखरून झाली, आता खुर्ची घ्या! त्या बापड्यानं पदरचे १० हजार डॉलर घातले. काही महिन्यांत टाळं लागलं. खातेदार ६१,१४४, अडकले जवळपास ३० लाख डॉलर. काहींना वर्षानुवर्षांनी थोडेफार मिळाले, बाकीच्यांच्या हातात पासबुक. २०१६ साली वॉशिंग्टनमधल्या एका सरकारी इमारतीला या बँकेचं नाव दिलं. पाटी मिळाली, पैसे नाही.

तेव्हा 'आमच्याकडे त्यांच्यातलाच माणूस नेमलाय' हे कुणी मला सांगू नये. डग्लसपेक्षा मोठा माणूस कुठनं आणणार?

आणि चर्च म्हणाल, तर तेही झालंय. बाल्टिमोर शहरानं वेल्स फार्गो बँकेवर खटला भरला. २००९ साली तिच्याच माजी नोकरांनी शपथेवर सांगितलं की काळ्यांच्या चर्चमध्ये संपत्ती वाढवायची शिबिरं घ्यायची आणि महागडी कर्जं गळ्यात मारायची. पुढं २०१२ ला सरकारच्या दाव्यात बँकेनं १७.५ कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं. गुन्हा मात्र कबूल नाही! साले पाद्र्याच्या शेजारी उभं राहून व्याज लावतात.

कुणी म्हणेल, गिरणीतल्या पोराला अमेरिकेची कसली पंचाईत? दोस्तहो, १९७२ ला पँथर हे नाव आपण तिथनंच आणलं. राग घेतला, मग पासबुकाचा हिशेबपण घ्या. आपल्या वस्तीतही पॉलिसीवाला आधी कडक जयभीम घालतो, मग फॉर्म काढतो. तुला यात सुटतात किती, असं एकदा विचारून बघा. पाणी मागंल.

तिथल्या सल्लागारांनी परिसंवाद बंद करावेत. लिहून द्यावं. या कागदावर मला इतके सुटतात. हाच कागद पलीकडच्या गोऱ्या मोहल्ल्यात मी या दरानं विकला. बुडालं तर माझ्या खिशातनं इतके जातील. खाली सही, तारीख. तोवर चर्चच्या बाहेरच थांबा.