‘साउंड कार्ड उडालंय’ असं कोणी म्हटलं, तर आधी पाकीट खिशातच ठेवा



आपल्या वळमध्ये धंदा म्हटलं की लोकांना आधी गोदाम आठवतं. पूर्णा, दापोडे, काल्हेर, सगळीकडे तेच. पण माझ्याकडे शिकायला येणारा एक मुलगा वेगळंच काम करतो. रिक्षावर आणि टेम्पोवर ज्या जाहिराती वाजतात ना, “आज शेवटचा दिवस, चला चला”, त्या तो रेकॉर्ड करून देतो. घरातली एक खोली, भिंतीला गोधड्या लावलेल्या, एक माइक आणि एक जुना कॉम्प्युटर. एवढंच भांडवल.

कॉम्प्युटर सेकंड हँड. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला. चोरीचं विंडोज टाकायचं नाही, हे मी वर्गात सांगितलं होतं, म्हणून त्याने लिनक्स मिंट टाकलं. इंटरनेट चाललं, प्रिंटर चालला, आवाज मात्र नाही. सेटिंगमध्ये साउंड कार्डाच्या जागी फक्त ‘डमी आउटपुट’. दुसऱ्या दिवशी सकाळी एका कपड्याच्या दुकानाच्या सेलची जाहिरात द्यायची होती. आवाजाचाच धंदा, आणि मशीनच मुकं.

तो मशीन घेऊन रिपेअरवाल्याकडे गेला. त्याने उघडून न बघताच सांगितलं, “साउंड चिप उडालीये. बोर्ड बदलावा लागेल, अडतीसशे रुपये.” मुलगा उसने पैसे मागायला निघाला होता. वाटेत त्याने मला फोन केला.

बोर्डला काहीही झालं नव्हतं. मशीन जिथून आलं, त्या ऑफिसने बायोसमध्ये ऑडिओ बंद करून ठेवला होता. एक टिक केली, मशीन पुन्हा चालू केलं, आवाज आला. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं.

म्हणून आज माझं मत स्पष्ट सांगतो. छोट्या उद्योजकाचं नुकसान बिघाडापेक्षा घाईत काढलेल्या निदानाने जास्त होतं. लिनक्सवर साउंड कार्ड न दिसणं हे त्याचं एकदम चांगलं उदाहरण आहे. कारण आवाज तुमच्या कानापर्यंत येईस्तोवर चार हातांतून जातो, आणि चौघांपैकी कोण अडकलाय हे बघितल्याशिवाय कोणालाच काही सांगता येत नाही.

चार हात कोणते?

गोदामाचंच उदाहरण घ्या. माल ट्रकमधून उतरतो, गेटवर नोंद होते, रॅकवर लागतो, मग डिलिव्हरीला निघतो. गिऱ्हाइकाला माल मिळाला नाही तर आपण लगेच ट्रक बदलतो का? आधी विचारतो, नोंद कुठपर्यंत झालीये. इथेही तसंच करायचं. कमांडची नावं मी बोलतो तशी लिहितोय, नेमकं स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर मोठं करून दाखवलंय.

पहिला हात: हार्डवेअर. टर्मिनल उघडा आणि ‘एलएसपीसीआय’ ही कमांड द्या. आतल्या सगळ्या उपकरणांची यादी येते. त्यात ‘ऑडिओ’ शब्द असलेली ओळ आहे का बघा. नसेल, तर लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्यापर्यंत कार्ड पोहोचलेलंच नाही. बायोसमध्ये जा आणि ऑनबोर्ड ऑडिओ चालू आहे का ते तपासा. ऑफिसातून निघालेल्या मशीनमध्ये हे पहिलं बघायचं. तिथे चालू असूनही यादीत काहीच येत नसेल, तेव्हा चिपवर संशय घ्यायला जागा आहे.

दुसरा हात: कर्नल आणि ड्रायव्हर. वरच्या यादीत कार्ड दिसलं, तर आता ‘एप्ले’ला उणे एल लावून चालवा. कर्नलने ओळखलेली कार्डं इथे दिसतात. इथे ‘नो साउंडकार्ड्स फाउंड’ आलं, तर चिप आहे पण तिचा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर चढलेलं नाही. नवीन लॅपटॉपमध्ये हे बऱ्याचदा होतं. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपना ‘साउंड ओपन फर्मवेअर’ नावाची फाइल लागते, ती नसली की कार्ड गप्प. डेबियनने असलं फर्मवेअर आपल्या मुख्य इन्स्टॉलरमध्ये द्यायला सुरुवात केली ती जून २०२३ मध्ये, आवृत्ती १२ पासून. त्याआधीची सीडी कोणी दिली असेल तर हे लक्षात ठेवा. काल आवाज होता आणि अपडेटनंतर गेला, असं असेल तर सुरू होताना ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडून बघा. आला आवाज, तर दोष कुठे आहे ते कळलं.

तिसरा हात: साउंड सर्व्हर. कार्ड एप्लेमध्ये दिसतंय, पण सेटिंगमध्ये ‘डमी आउटपुट’च आहे? मग मधला मुकादम झोपलाय. हा मुकादम पूर्वी पल्सऑडिओ होता, आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर आहे. उबुंटूमध्ये तो २२.१० पासून आला, मिंटमध्ये २०२४ च्या आवृत्ती २२ पासून. आधी लॉगआउट करून परत या. अर्ध्या वेळा तेवढ्यावरच भागतं.

चौथा हात: म्यूट आणि निवड. कार्डाचं नाव दिसतंय, आवाज नाही? मग कार्ड सापडलेलंच आहे, उगाच शोधत बसू नका. ‘अल्सामिक्सर’ उघडा, एफ-सहा दाबून बरोबर कार्ड निवडा. पट्टीखाली ‘एमएम’ दिसलं तर ती म्यूट आहे, एम दाबा. सेटिंगमध्ये आउटपुट एचडीएमआयवर गेलंय का बघा, कारण मॉनिटरला स्पीकर नसला तरी आवाज तिकडेच जात राहतो. आणि हो, स्पीकरची पिन हिरव्या खाचेत आहे ना? गुलाबी माइकची असते. हसू नका, मी स्वतः एकदा अर्धा तास घालवलाय.

लोक इथे चुकतात कुठे?

पहिली चूक, सल्ल्याची तारीख न बघणं. लिनक्सच्या आवाजामागची आल्सा नावाची यंत्रणा यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केली. ती मुख्य कर्नलमध्ये आली डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीत. पल्सऑडिओ त्यानंतर, आणि पाइपवायर अगदी अलीकडचा. म्हणजे एकाच त्रासावर तीन काळांतले तीन उपाय नेटवर फिरतायत. २०१२ चा उपाय आजच्या मशीनवर चिकटवला, तर चालू असलेलंही बंद पडेल. ‘पल्सऑडिओ काढून परत टाका’ असं दिसलं की आधी वर्ष बघा.

दुसरी चूक, एका वेळी पाच गोष्टी बदलणं. मग आवाज आला तरी कशाने आला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू. एक बदल, एक चाचणी, वहीत एक ओळ. धंद्याच्या जाहिरातीतही मी हेच शिकवतो. दर, फोटो आणि वेळ एकदम बदललात, तर विक्री कशाने वाढली ते कसं कळणार?

तिसरी चूक, लाइव्ह पेनड्राइव्हचा वापर न करणं. दुसरं, नवीन लिनक्स पेनड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल न करता चालवा. तिथे आवाज आला तर हार्डवेअर ठणठणीत आहे. रिपेअरवाल्यासमोर हा एवढा पुरावा पुरतो.

“मग लिनक्स घ्यायचंच कशाला, सर?”

हा प्रश्न योग्य आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आपल्यापैकी अनेकांची मशीनं विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. अशा मशीनवर लिनक्स टाकून बिलं, पत्रं, जीएसटी पोर्टल, ऑडॅसिटीवर रेकॉर्डिंग, हे सगळं होतं. पण तुमच्या सीएला टॅलीच हवं असेल तर विंडोज घ्या, पैसे देऊन घ्या. फुकट सॉफ्टवेअरची किंमत तुम्ही वेळेत भरता, हे मी लपवणार नाही. फक्त तो वेळ एकदाच भरा. लिहून ठेवलं नाही तर दर वेळी भराल.

आणि वेळेला मर्यादा घाला. माझा नियम एक तासाचा. तासाभरात नाही सुटलं आणि ऑर्डर डोक्यावर आहे, तर काही शे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड लावा. यातली बहुतेक एका ठरलेल्या पद्धतीने चालतात, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ऑर्डर द्या, पैसे घ्या, मूळ दोष रविवारी शोधा. गिऱ्हाइकाला तुमच्या कर्नलशी काही देणंघेणं नाही.

त्या मुलाने रात्री अकराला जाहिरात पाठवली. सकाळी टेम्पो अंजूर फाट्याकडे निघाला तेव्हा त्यावर त्याचाच आवाज वाजत होता. आता त्याच्या टेबलासमोर भिंतीवर एक कागद चिकटवलाय, वरचे चार हात क्रमाने लिहिलेले.

आजचं तुमचं काम तेच. तुमच्या धंद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं मशीन कोणतं ते ठरवा. कॉम्प्युटर असो, शिलाई मशीन असो की वजनकाटा. ते बंद पडलं तर क्रमाने काय तपासायचं, हे ते चालू असतानाच कागदावर लिहा. बंद पडल्यावर डोकं चालत नाही, तेव्हा फक्त पाकीट उघडतं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.