दोन इतिहासांच्या कात्रीत लंका

श्रीलंकेत मे महिन्याच्या १८ आणि १९ या लागोपाठच्या तारखा दोन निराळ्या अंतःकरणांनी पाळल्या जातात. १८ तारखेला उत्तरेकडील तामिळ कुटुंबे मुल्लिवाइक्कालच्या किनाऱ्यावर जमून २००९ सालच्या युद्धात गेलेल्या आप्तांसाठी दिवे लावतात. १९ तारखेला शासन त्याच युद्धातील विजयाबद्दल आपल्या सैनिकांना मानवंदना देते. युद्ध एकच, त्याच्या समाप्तीचा क्षणही एकच. परंतु एकाच्या पंचांगात ते श्राद्ध आहे आणि दुसऱ्याच्या पंचांगात विजयादशमी! बंदुका थंडावून एका तपाहून अधिक काळ लोटला, तरी लंकेचा प्रश्न मिटला असे कोणी छातीठोकपणे म्हणत नाही, याचे मर्म या विसंगतीत आहे. शस्त्रांचे युद्ध संपले. इतिहासांचे युद्ध संपलेले नाही.

सिंहली इतिहासाचा मूलाधार 'महावंस' हा पाली ग्रंथ. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास एका भिक्षूने तो रचला. ज्या दिवशी भगवान बुद्धांचे महापरिनिर्वाण झाले त्याच दिवशी राजपुत्र विजय लंकेच्या भूमीवर उतरला, असे तो सांगतो. म्हणजे ही भूमी, हा वंश आणि हा धर्म यांची सांगड प्रारंभापासूनची! पुढे दुट्ठगामणी राजाने अनुराधपुरावर राज्य करणाऱ्या चोळ राजा एळारचा वध करून बेट एकछत्री केले, ही कथा त्या ग्रंथाचा कळस होय. आधुनिक काळात तिचा अर्थ सिंहलींनी तामिळांवर मिळविलेला विजय असा लावला गेला आणि शाळेच्या पुस्तकापासून निवडणुकीच्या व्यासपीठापर्यंत तो रुजला.

तामिळांचा इतिहास निराळ्या ठिकाणी सुरू होतो. तेराव्या शतकापासून जाफन्यात आर्यचक्रवर्ती राजांचे स्वतंत्र राज्य होते. १६१९ मध्ये पोर्तुगिजांनी ते जिंकले आणि अखेरचा राजा संकिली याला गोव्यात आणून देहान्त शासन दिले. पुढे डचांनी व नंतर इंग्रजांनी हा मुलूख घेतला आणि १८३३ मध्ये इंग्रजांनी प्रशासनाच्या सोयीसाठी सारे बेट एका सूत्रात बांधले. हरपलेले सार्वभौमत्व आमचे आम्हांस परत मिळावे, हाच १९७६ च्या वड्डुकोड्डै ठरावाचा युक्तिवाद होता.

या दोन्ही कथांना आधार आहे; म्हणूनच त्या प्रभावी आहेत. परंतु दोन्ही कथा जे सांगतात त्याहून जे गाळतात ते अधिक बोलके आहे. महावंसकारानेच एळारच्या न्यायबुद्धीची मुक्त कंठाने स्तुती केली आहे आणि विजयी राजाने त्याच्या समाधीला मान देण्याची आज्ञा केली असेही नोंदविले आहे. राज्यकर्त्यांच्या तोंडी हा भाग क्वचितच येतो. त्याच ग्रंथात रणातील संहाराने व्यथित झालेल्या राजाला अर्हत सांगतात की, खऱ्या अर्थाने मेली ती दीडच माणसे. बाकीचे श्रद्धाहीन असल्याने त्यांची गणना नको. हा भाग मात्र पुढच्या काळाला नको तितका उपयोगी पडला. माणसांची मोजदाद श्रद्धा पाहून करण्याची ही रीत ज्या राजकारणाने उचलली, त्याचे फळ सारे बेट भोगीत आहे.

कँडीचे शेवटचे राजघराणे दक्षिण भारतीय नायक्करांचे होते. त्यांच्यातील कीर्तिश्री राजसिंहाच्या आश्रयाने १७५३ मध्ये सयामहून भिक्षू येऊन लंकेतील खंडित झालेली उपसंपदा-परंपरा पुन्हा सुरू झाली. आज तामिळांचे वर्चस्व नको म्हणणाऱ्या संघाचा मोठा भाग आपली परंपरा एका नायक्कर राजाच्या औदार्यापर्यंत नेतो! दुसरीकडे, प्राचीन काळी तामिळांमध्येही बौद्ध धर्म नांदत होता, हे तामिळ कथेला अडचणीचे होते. लेस्ली गुणवर्धन आणि जाफन्याचे इंद्रपाल या इतिहासकारांनी या दोन्ही अस्मिता शतकानुशतकांच्या सरमिसळीतून घडत गेल्या असे दाखवून दिले. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य पंडितांनी भाषांच्या वर्गीकरणावरून आर्य आणि द्रविड असे वंश कल्पिले आणि त्या कल्पनेने जुन्या राजांच्या लढायांना वंशयुद्धाचा वेष चढविला.

इतिहास एकटा कोणाचे घर जाळीत नाही; त्याला सत्तेचा वारा लागतो. १९४८ मध्ये स्वातंत्र्य मिळताच मळ्यांतील बहुसंख्य भारतीय वंशाच्या तामिळ मजुरांचे नागरिकत्व गेले. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. १९५७ मध्ये बंडारनायके यांनी चेल्वनायकम यांच्याशी समजुतीचा करार केला. पण भिक्षूंच्या दडपणाखाली पुढच्याच वर्षी तो त्यांना मोडावा लागला आणि १९५९ मध्ये एका भिक्षूच्याच गोळीने त्यांचा अंत झाला. १९७२ च्या घटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. सिंहली हे बेटात सुमारे तीन चतुर्थांश आहेत. पण सामुद्रधुनीपलीकडे सात कोटींहून अधिक तामिळ पाहून तेही स्वतःला अल्पसंख्य समजतात. दोन्ही समाज स्वतःला वेढलेले मानतात, आणि वेढलेल्याला उदार होणे परवडत नाही.

म्हणूनच या संघर्षात घाव घातले गेले ते स्मृतींवर. १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जाळण्यात आले. सुमारे ९७ हजार ग्रंथ व हस्तलिखिते राख झाली. १९८५ मध्ये तामिळ वाघांनी अनुराधपुरात पवित्र बोधिवृक्षाच्या परिसरापर्यंत जाऊन निरपराधांची कत्तल केली आणि १९९८ मध्ये कँडीच्या दंतमंदिरावर बाँबहल्ला केला. १९९० मध्ये त्याच वाघांनी उत्तरेतील सुमारे ७० हजार मुसलमानांना घराबाहेर काढले. कारण दोन्ही कथांत या तिसऱ्यासाठी जागाच नव्हती.

स्मृती जाळून संपत नाही, याचा दाखला गोव्याच्या भूमीवरच घडलेला आहे. १५६० मध्ये व्हिसेरेई कोन्स्तांतिनो द ब्रागांझा याने जाफन्याच्या स्वारीत बुद्धाचा म्हणून मानला गेलेला दात हस्तगत केला. पेगूच्या राजाने त्यासाठी मोठे द्रव्य देऊ केले. पण धर्मपीठाच्या आग्रहावरून १५६१ मध्ये गोव्यात तो कुटून, जाळून नदीत टाकण्यात आला. पोर्तुगीज बखरकारांच्या मते प्रकरण तेथे संपले. सिंहलींच्या मते खरा दात सुरक्षितच होता आणि आज तो कँडीत पुजला जातो. उखळात कुटल्याने श्रद्धेचे पीठ होत नाही. जाफन्यातील ग्रंथ जाळणाऱ्यांना हे कळते, तर पुढच्या पिढीच्या हाती बंदूक देण्याचे पातक त्यांच्याकडून घडले नसते.

२०२४ च्या निवडणुकांनी एक आशादायी चिन्ह दाखविले. ज्या जनता विमुक्ती पेरामुनेने १९८७ च्या भारत-लंका कराराला हिंसक विरोध केला होता, तिच्याच नेतृत्वाखालील आघाडीला जाफना जिल्ह्यात सर्वाधिक मते मिळाली. तामिळ मतदाराने जुन्या हिशेबापलीकडे पाहण्याची तयारी दाखविली. आता कसोटी कोलंबोची आहे. मुल्लैतिवूतील एकाच टेकडीला सिंहली 'कुरुंदी' म्हणतात आणि तामिळ 'कुरुंदूरमलै'. तेथील प्राचीन विटांवरून गेली काही वर्षे वाद पेटला आहे. २०२५ मध्ये जाफन्याजवळच्या चेम्मणीत उत्खनन झाले ते विटांसाठी नव्हे. तेथे दोनशेहून अधिक मानवी सांगाडे सापडले, त्यांत बालकांचेही होते. दोन हजार वर्षांपूर्वी टेकडीवर कोण पूजा करीत होता, हे शोधण्यात जी तत्परता दिसते, ती काल-परवाच्या अस्थी कोणाच्या हे सांगण्यात दिसेल काय? आमच्या मते लंकेच्या ऐक्याची परीक्षा याच प्रश्नात आहे.

भारतानेही उपदेशकाची भूमिका घेण्याचे कारण नाही. १९८७ ते १९९० या काळात आपल्या हजारांहून अधिक जवानांनी तेथे प्राण वेचले आणि १९९१ मध्ये आपण राजीव गांधींना गमावले. करारातून निघालेल्या तेराव्या घटनादुरुस्तीची, म्हणजे प्रांतांच्या अधिकारांची, स्नेहपूर्वक पण सातत्याने आठवण देणे एवढे आपले कर्तव्य उरते.

इतिहास हा जमिनीचा उतारा नव्हे, की ज्याचे नाव आधी लागले त्याने इतरांना हुसकावून लावावे. कतरगामच्या देवळात सिंहली बौद्ध आणि तामिळ हिंदू एकाच कार्तिकेयापुढे हात जोडतात. तेथे कोणी कोणाचा उतारा मागत नाही. १८ तारखेच्या दिव्याला १९ तारखेच्या शासनाने मान द्यावा आणि वाघांच्या हल्ल्यांत मेलेल्या सिंहली व मुसलमान निरपराधांसाठी जाफन्यानेही एक दिवा लावावा. दुट्ठगामणीने एळारच्या समाधीला मान दिला होता. महावंसाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्यातील एवढे एक पान आचरणात आणले, तरी पुष्कळ होईल.