गोळी कोणी दिली, ते लिहा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : वृद्धांच्या निवासी केंद्रांत औषधे कोण देतो, कशी देतो आणि ते कोण तपासतो, याबाबत

महोदय,

इन्शुलिनची सिरिंज आपल्याकडे दोन प्रकारची मिळते. लाल टोपणाची ४० ची आणि नारिंगी टोपणाची १०० ची. बाटल्याही दोन ताकदीच्या असतात. एकीत दर मिलिलिटरला ४० युनिट, दुसरीत १००. लाल टोपण ४० च्या बाटलीला, नारिंगी १०० च्या, एवढे पाळले की काम भागते. पण १०० च्या बाटलीतले औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १६ च्या खुणेपर्यंत ओढले, तर अंगात १६ च्या जागी ४० युनिट जातात. मग साखर उतरते, घाम फुटतो, माणूस बरळतो आणि हळूहळू गप्प होतो. डिमेन्शिया झालेल्या ऐंशीच्या बाई रात्री गप्प झाल्या तर कोणाला शंका येत नाही. रात्रपाळीच्या वहीत ‘शांत झोप लागली’ अशी नोंद होते.

हे घडायला कोणी दुष्ट माणूस लागत नाही. एका कुटुंबाने ४० ची बाटली आणून दिली, दुसऱ्याने १०० ची, आणि सिरिंज सगळ्यांच्या एकाच डब्यात पडल्या, की पुरते.

मी औषधनिर्माता आहे. निम्मे आयुष्य पुण्यात मेडिकलच्या काउंटरमागे गेले. वृद्धांची निगा राखणाऱ्या केंद्रांकडून महिन्याच्या महिन्याला याद्या येत आणि त्या वाचता वाचता आत काय चालले असेल याचा अंदाज येई. त्या अंदाजावर हे पत्र लिहिले नसते. पण आत जाऊन पाहण्याचे काम ज्यांच्याकडे असायला हवे, त्यांच्या यादीत औषधाचे कपाटच नाही, म्हणून लिहितो आहे.

पूर्वी वृद्धाश्रमात हिंडतीफिरती माणसे असत. सकाळी भजन, दुपारी पत्ते, संध्याकाळी अंगणात फेऱ्या. तसे आश्रम अजूनही आहेत आणि त्यांच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण गेल्या काही वर्षांत पुणे, ठाणे, नाशिकच्या उपनगरांत भाड्याच्या बंगल्यांतून जी केंद्रे निघाली, त्यांतली माणसे वेगळी आहेत. पक्षाघाताने एक बाजू गेलेली, पार्किन्सनने आखडलेली, नाकातल्या नळीतून अन्न घेणारी, लघवीची पिशवी लावलेली. हॉस्पिटलने डिस्चार्ज दिला आणि दोन खोल्यांच्या घरात सांभाळणे जमेना, अशी. २०११ च्या जनगणनेतच राज्यात साठीपुढचे लोक १ कोटी ११ लाखांच्या घरात होते, म्हणजे दर दहांत एक. ही केंद्रे गरजेतून निघाली आहेत. ती चालवणारे सगळे लुटारू आहेत, असे म्हणणाऱ्यांशी मी भांडेन.

पण त्यांतल्या कित्येकांत गोळ्या देतात त्या मावशी. बीड, लातूर, यवतमाळकडून आलेल्या, बारा-बारा तासांची ड्युटी करणाऱ्या, एकेकीच्या वाट्याला आठ-दहा पेशंट. अंघोळ, डायपर, भरवणे, कूस बदलणे, आणि त्यातच गोळ्या. शिकलेली सिस्टर दिवसा काही तास असते, रात्री नसते. डॉक्टर आठवड्यातून एकदा चक्कर मारतात. मावशींची चूक शोधायला हे पत्र नाही. इंग्रजी नावांच्या बारा पट्ट्या आणि ‘१-०-१’ एवढीच भाषा हातात देऊन आपण त्यांच्याकडून जे काम करून घेतो, त्यासाठी पाश्चात्त्य देशांत आधी प्रशिक्षण द्यावे लागते.

एका केंद्रातल्या आजोबांची औषधांची पिशवी त्यांच्या मुलीने काउंटरवर आणून उलटी केली होती. त्यात रक्तदाबाच्या दोन पट्ट्या होत्या, दोन कंपन्यांच्या, दोन नावांच्या. औषध एकच, टेल्मिसार्टन. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर नवे नाव आले, म्हणून नवी पट्टी सुरू झाली. जुनी बंद करा, असे कोणी सांगितले नव्हते, म्हणून जुनीही चालू राहिली. आयसीयूत असताना पोटासाठी सुरू केलेली ॲसिडिटीची गोळी वर्ष उलटले तरी रोज सकाळी जात होती. नाडी आणि रक्तदाबाची एक एक्सएल गोळी कुटून ताकात देत होते, कारण आजोबांना गिळता येत नव्हते. एक्सएल, एसआर असे लिहिलेली गोळी दिवसभर थोडी थोडी विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते. ती खलबत्त्यात घातली की चोवीस तासांचा डोस तासाभरात रक्तात येतो. आजोबांना दुपारी उठवून बसवले की ते डोळे फिरवत. केंद्राने त्याला ‘वयोमान’ म्हटले होते.

आणि तळाशी एक कापलेला तुकडा. चार गोळ्या शिल्लक, नाव कापून गेलेले, एक्स्पायरीही त्याच बाजूला गेलेली. हा आमच्या धंद्याचा प्रताप. गिऱ्हाईक चार गोळ्या मागते, आम्ही कात्री चालवतो. गोळीवरची खूण जुळवून पाहिली, तर क्वेटियापिन निघाले. कोणत्याही कागदावर त्याचा उल्लेख नव्हता. ‘रात्री ओरडायचे ना, म्हणून,’ असे मुलीला तिथे सांगितले होते.

क्वेटियापिन, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन ही मनोविकारांची औषधे आहेत आणि योग्य जागी फार कामाची आहेत. पण डिमेन्शियाच्या वृद्धांना ती दिल्यास मृत्यूचे प्रमाण वाढते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटातल्या औषधांवर २००५ मध्ये छापायला लावला. २००९ मध्ये प्रा. सुबे बॅनर्जी यांनी ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. तिथे डिमेन्शियाच्या सुमारे १ लाख ८० हजार लोकांना ही औषधे मिळत होती आणि त्यांपायी वर्षाला सुमारे १८०० जास्तीचे मृत्यू होत असावेत, असा त्यांचा हिशेब होता. त्यानंतर तिथे हा वापर बराच उतरला. ज्या माणसाला हातपाय बांधून ठेवणे आपल्याला लाजिरवाणे वाटते, त्याला गोळीने बांधले तर कोणाला दिसत नाही, हा या सगळ्यातला खरा धोका आहे. ओरडण्यामागे कधी बद्धकोष्ठ असते, कधी लघवीचा संसर्ग, कधी नुसते दुखणे. गोळी दिली की ओरडणे थांबते आणि कारण तसेच राहते.

आपल्याकडेच हे चालते, असे मात्र नाही. त्याच वर्षी, २००९ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडमधल्या ५५ केअर होममधल्या २५६ रहिवाशांची औषधे संशोधकांनी तपासली होती. सरासरी माणशी आठ औषधे. दहांपैकी सातजणांच्या बाबतीत किमान एक तरी चूक सापडली. कुठे डॉक्टरच्या लिहिण्यात, कुठे दुकानातून देण्यात, कुठे हातात गोळी ठेवण्यात, कुठे रक्ततपासणी राहून जाण्यात. जिथे छापील तक्ते आहेत, तपासनीस आहेत, तिथली ही गत. आपल्याकडे आकडा काढायचा म्हटले तर मुळात कागद हवा ना!

आता कायद्याकडे येतो, कारण मंत्रालयात गेल्यावर ‘यासाठी कायदा नाही’ हे वाक्य सगळ्यात आधी ऐकू येते.

ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा केंद्रीय कायदा प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रमाची गोष्ट करतो. खासगी निगा केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताना बुडाले. ते पुन्हा येईल तेव्हा येईल. तोवर वृद्धाश्रम हा विषय सामाजिक न्याय खात्याचा, नर्सिंग होम तुमच्या खात्याचे, आणि ही केंद्रे या दोहोंच्या बांधावर.

पण तुमच्या हातात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. त्याची व्याख्या एकदा पुन्हा वाचावी, ही विनंती. आजारी, जखमी किंवा दुर्बल झालेल्या माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा दिली जाते, ती जागा म्हणजे नर्सिंग होम. ऑपरेशन थिएटर हवे किंवा एक्स-रे हवा, असे त्यात कुठेही नाही. नाकातल्या नळीतून दिवसातून सहा वेळा अन्न आणि औषध देणे, इन्शुलिन टोचणे, शय्याव्रण धुणे ही शुश्रूषा नसेल तर काय आहे? तेव्हा नव्या विधेयकाची वाट न पाहता तुमच्या खात्याने एक परिपत्रक काढावे, की नात्यागोत्याबाहेरच्या दुर्बल वृद्धांना मोबदला घेऊन ठेवून घेणारी आणि औषधे, इंजेक्शने, नळ्या सांभाळणारी जागा या कायद्याखाली येते. २०२१ च्या सुधारित नियमांनी हॉस्पिटलांना रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायला सांगितले. अंथरुणावरून जिला ती सनद वाचताही येणार नाही, त्या बाईला ती लागू करा.

यातून इन्स्पेक्टर राज येईल, हप्ते सुरू होतील, छोटी केंद्रे बंद पडतील, अशी ओरड होईल. ती पूर्ण खोटी नाही. म्हणूनच मोठमोठ्या अटी नकोत. पन्नास चौरस फुटांचा आणि लिफ्टच्या रुंदीचा वाद पुढे घाला. आधी प्रत्येक माणसामागे एक पान, एवढेच मागा.

त्या पानावर औषधाचे मूळ नाव, कंपनीचे नाव कंसात. किती, केव्हा, कशासाठी. कोणत्या डॉक्टरने कोणत्या तारखेला सुरू केले आणि ते पुन्हा कधी बघायचे. कुटायचे की नाही. समोर तारखांचे रकाने, आणि गोळी तोंडात गेल्यावर, आधी नव्हे, देणाऱ्याची सही. गोळी थुंकली, नाकारली, संपली होती, तर तसे. सगळे मराठीत. ‘ओडी’, ‘बीडी’, ‘एचएस’ या खुणा बंद. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट असेल, तर ‘आठवड्यातून एकदा, फक्त रविवारी’ असे अक्षरात, कारण ती गोळी कोणी रोज दिली तर रक्तपेशी ढासळून माणूस दगावतो. हॉस्पिटलातून परतलेल्या माणसाचे जुने पान फाडायचे आणि डिस्चार्ज कार्डावरून नवे करायचे. आजोबांच्या दोन टेल्मिसार्टन अशा पानावर एकाखाली एक आल्या असत्या, तर मावशींनाही दिसल्या असत्या.

दुसरे मागणे आमच्याच जमातीबद्दल आहे. या राज्यात डी. फार्म. आणि बी. फार्म. झालेली पोरे दरवर्षी ढिगाने बाहेर पडतात. भिंतीवर सर्टिफिकेट एकाचे आणि काउंटरवर भलताच, हा आमच्या धंद्यातला जुना रोग राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला ठाऊक आहेच. फार्मसी कौन्सिलच्या २०१५ च्या नियमांनी औषधांचा आढावा आणि रुग्णाला समजावून सांगणे हे आमचे काम म्हणून लिहून ठेवले. ते कागदावर राहिले. अमेरिकेत नर्सिंग होममधल्या प्रत्येकाची औषधे फार्मासिस्टने महिन्यातून एकदा तपासावी, अशी सक्ती आहे. आपण तीन महिन्यांतून एकदा म्हणू. नोंदणीकृत फार्मासिस्टने केंद्रात जायचे, पाने आणि कपाट दोन्ही पाहायचे, दुहेरी औषधे, कापलेले तुकडे, उघड्या बाटल्या, झोपेच्या आणि मनोविकारांच्या गोळ्या यांवर शेरा लिहायचा आणि तो डॉक्टरांकडे पाठवायचा. औषध बंद करण्याचा अधिकार डॉक्टरांचाच राहील. शेऱ्याला उत्तर मात्र द्यावे लागेल.

चूक कळवणाऱ्या मावशीची नोकरी जाणार असेल, तर पानावर सह्या बिनचूक राहतील आणि गोळ्या कचऱ्यात जातील. म्हणून चूक सांगणाऱ्याला संरक्षण आणि लपवणाऱ्या मालकाला दंड, ही तरतूद परिपत्रकातच हवी.

शेवटी माहिती उघडी करण्याचा मुद्दा. ऑस्ट्रेलियात वृद्धनिवासांतल्या दुर्लक्षाची चौकशी करायला २०१८ मध्ये रॉयल कमिशन नेमावे लागले. मार्च २०२१ मध्ये त्याचा अंतिम अहवाल आला आणि डिसेंबर २०२२ पासून प्रत्येक निवासाला तारांकन सुरू झाले. किती रहिवाशांना नऊ किंवा त्याहून जास्त औषधे आहेत आणि किती जणांना मनोविकारांची औषधे दिली जातात, हेही तिथल्या केंद्रांना दर तिमाहीला सरकारला कळवावे लागते. मेलबर्नमध्ये राहणारा मराठी मुलगा शेजारच्या गोऱ्या म्हातारीच्या निवासाचे तारांकन फोनवर पाहू शकतो. त्याची आई पुण्यात ज्या केंद्रात आहे, त्याबद्दल त्याला मिळते ते माहितीपत्रक, त्यातले गुलाबाचे ताटवे आणि दर रविवारी व्हिडिओ कॉल. पैसे मात्र तो महिन्याच्या एक तारखेला न चुकता पाठवतो.

हे सगळे एकदम राज्यभर करा, असे म्हणत नाही. एक महानगरपालिका आणि एक ग्रामीण जिल्हा घ्या, सहा महिने चालवून पाहा. पहिल्या फेरीत कुलूप लावायला कोणाला पाठवू नका, फार्मासिस्ट पाठवा. आमच्यातले निवृत्त लोक पहिल्या फेरीचे काम जाण्या-येण्याच्या खर्चावर करतील. मी करेन, आणि आणखी काहीजण तयार आहेत.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता, पुणे

सोबत : औषधपत्रकाचा नमुना, मराठीत, एक पान.
प्रत माहितीसाठी : मा. सामाजिक न्यायमंत्री, महाराष्ट्र राज्य.