पटकीच्या खोलींतील व्याख्यान

चौतीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें. त्या अवधींत वार्षिक स्नेहसंमेलनाच्या वेळीं मुलांस उपदेशाचे चार शब्द सांगण्याचें काम बहुधा आमच्याकडेच येई, आणि आमच्या भाषणाचा समारोप ठरलेला असे : जो यत्न करील, त्यास या जगांत दुर्लभ असें कांहीं नाहीं. टाळ्या पडत, आणि खोटें कशास बोला, आम्हांसही कृतार्थ वाटे.

गेल्या दिवाळीच्या सुमारास किराण्याच्या एका दुकानांत आमचा एक जुना विद्यार्थी पुड्या बांधतांना भेटला. वर्गांत तो पहिल्या तिघांत असे. दहावीच्या वर्षीं वडील वारले, पाठच्या तीन भावंडांचा भार अंगावर आला, आणि शाळा सुटली ती कायमचीच. पुढें रात्रीं अभ्यास करून तो दोनदां बाहेरून परीक्षेस बसला व दोन्ही वेळां नापास झाला. आमच्या पायां पडून तो म्हणाला, “गुरुजी, आपण सांगितलेंत तसा यत्न मीं केला. मग चुकलें कोठें?” त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, हेंच आम्हांस अधिक लागलें. उत्तर सुचेना. सामानाची पिशवी उचलून आम्ही मुकाट्यानें घरीं आलों.

हल्लीं यशाची गुरुकिल्ली देणाऱ्या व्याख्यात्यांस तोटा नाहीं. त्यांच्यासाठीं मोठमोठीं सभागृहें भरतात. परंतु या मार्गाच्या एका आद्य पुरुषानें आमच्या विद्यार्थ्यास काय सांगितलें असतें, हें पाहावें म्हणून आम्हीं सॅम्युएल स्माइल्स याचें चरित्र पुन्हां वाचावयास घेतलें. ज्याच्या ‘सेल्फ-हेल्प’ या ग्रंथाच्या नांवानें हा सबंध ग्रंथप्रकारच आज ओळखला जातो, तोच हा स्माइल्स.

त्याचा जन्म स्कॉटलंडांतील हॅडिंग्टन या गांवीं २३ डिसेंबर १८१२ रोजीं झाला. एडिंबरो येथें वैद्यकाचें शिक्षण चालू असतां १८३२ सालच्या पटकीच्या सांथींत वडील वारले. घरांत लहान भावंडें पुष्कळ. परंतु आईनें लहानसें दुकान नेटानें चालविलें, मुलाचें शिक्षण थांबूं दिलें नाहीं, आणि त्याच वर्षीं तो परीक्षा उतरला. पुढें गांवीं त्याचा वैद्यकीचा धंदा नीटसा चालेना. १८३८ सालीं तो लीड्स शहरीं ‘लीड्स टाइम्स’ या पत्राचा संपादक झाला, आणि १८४५ सालीं त्यानें एका रेल्वे कंपनीच्या कचेरींत नोकरी धरली. व्याख्यानें आणि लेखन हा त्याचा कचेरी सुटल्यानंतरचा उद्योग.

लीड्स हें कारखान्यांचें शहर. तेथील दोन-तीन गरीब तरुण हिवाळ्यांत रात्रींचे एकत्र बसून आपसांत ज्ञानाची देवघेव करूं लागले. पहिला वर्ग त्यांच्यापैकीं एकाच्या घरीं भरला. संख्या वाढल्यावर उन्हाळ्यांत बागेंत उघड्यावर बसण्याची सोय झाली. पण पुन्हां थंडी आली तेव्हां जागा मिळेना. शेवटीं एक मोठी, कळकट खोली भाड्यानें मिळाली. सांथीच्या दिवसांत तेथें पटकीचें तात्पुरतें रुग्णालय होतें, म्हणून तिच्याकडे कोणी फिरकत नसे. या तरुणांनीं ती घेतली, दिवे लावले, चार बाकें व एक मेज मांडलें, आणि ज्यास जें येई तें त्यानें इतरांस शिकवावें असा क्रम सुरू केला. आधीं लिहिणें, वाचणें, हिशेब आणि भूगोल; मागाहून गणित, रसायनशास्त्र आणि परभाषाही. मंडळी शंभराच्या घरांत गेल्यावर त्यांस व्याख्यानें ऐकण्याची इच्छा झाली, आणि चार शब्द सांगावे म्हणून ते स्माइल्सकडे आले. ज्याचे वडील पटकीनें नेले, तोच पटकीच्या खोलींतील मंडळींपुढें बोलावयास उभा राहिला.

पुष्कळ वर्षांनीं ओतकामाच्या कारखान्यांतून आल्यासारखा दिसणारा एक गृहस्थ त्यास भेटावयास आला. ‘मी त्या वर्गांतला, आज मीच इतरांस काम देतों,’ अशा अर्थाचें बोलून त्यानें त्या व्याख्यानांबद्दल कृतज्ञता दाखविली. त्या भाषणांच्या टिपणांतूनच ‘सेल्फ-हेल्प’ तयार झाला. १८५५ सालीं एका प्रकाशकानें तो नाकारला. १८५७ सालीं आगगाडीच्या एंजिनाचा सुप्रसिद्ध कारागीर जॉर्ज स्टीफन्सन याचें चरित्र लिहून स्माइल्सनें नांव मिळविलें, आणि १८५९ सालीं जॉन मरे या प्रकाशकानें ‘सेल्फ-हेल्प’ छापला. डार्विनचा उत्क्रांतीवरील ग्रंथही त्याच वर्षीं त्याच प्रकाशकानें काढला. पहिल्या वर्षींच २०,००० प्रती खपल्या. १९०४ पर्यंत अडीच लाखांवर गेल्या. १८७१ सालीं नाकामुरा मासानाओ यानें केलेलें जपानी भाषांतर त्या देशांतील एका सबंध पिढीनें वाचलें.

येवढें यश मिळूनही ग्रंथकाराच्या मनास एक टोंचणी होती. १८६६ सालच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत त्यानें स्पष्ट लिहिलें आहे कीं, ग्रंथाचें नांव चुकलें. त्यावरून हें स्वार्थाचें स्तोत्र आहे असा लोकांचा समज होतो, पण दुसऱ्यास मदत करणें हाही स्वावलंबनाचाच भाग होय. यशस्वी लोकांचींच चरित्रें कां, अपयशी लोकांचीं कां नकोत, या आक्षेपाचाही तेथेंच विचार आहे. नुसत्या अपयशाचें वाचन मन खचवील असें त्यास वाटे. तथापि सत्कार्यांत आलेलें अपयश हें हीन मार्गानें मिळविलेल्या यशाहून थोर, असें त्याचें मत होतें.

हा विचार त्यानें पुढें कृतींत आणला. १८७१ सालीं पक्षाघाताचा झटका आला असतांही तो सांवरून पुन्हां लिहावयास बसला. ‘थ्रिफ्ट’ या १८७५ सालच्या ग्रंथांत, सांथ आली म्हणजे ‘दोष कोणाचाच नाहीं’ असें म्हणणाऱ्यांस त्यानें खरमरीत शब्दांत फटकारलें; घाणेरडें पाणी आणि भेसळीचें अन्न यांस कोणी तरी जबाबदार असतोच, असें त्याचें म्हणणें. मग त्यानें चरित्रें लिहिलीं तीं कोणाचीं? १८७६ सालीं थॉमस एडवर्ड याचें : हा बँफ गांवचा चांभार, रात्रींच्या रात्रीं रानांत काढून प्राणिसृष्टीचा अभ्यास करी आणि दारिद्र्यांतच दिवस कंठी. तें चरित्र वाचल्यावर राणी व्हिक्टोरियानें त्यास सालिना ५० पौंड वेतन दिलें. १८७८ सालीं रॉबर्ट डिक याचें : हा थर्सो येथील पाव भाजणारा, वनस्पति आणि जीवाश्म यांचा मोठा जाणकार. जहाज फुटून त्याचें पीठ बुडालें, तें देणें भागविण्यास त्यास आपला जीवाश्मसंग्रह विकावा लागला, आणि १८६६ सालीं तो दरिद्रीच वारला. खुद्द स्माइल्सचा ‘कंडक्ट’ हा शेवटचा ग्रंथ मरे यांनीं छापण्याचें नाकारलें, आणि १६ एप्रिल १९०४ रोजीं तो वारल्यावर तें हस्तलिखित नष्ट करण्यांत आलें. यशाचा शास्त्रीबोवा शेवटीं नाकारलेलें बाड मेजांत ठेवून गेला!

तेव्हां आमचें चुकलें कोठें, तें आम्हांस उमगलें. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्मसिद्धीचीं पांच कारणें सांगितलीं आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधनें, नाना प्रकारच्या क्रिया आणि पांचवें दैव. हें आम्हीं वर्गांत शिकविलें, आणि व्यासपीठावर चढतांच पांचांचें एक केलें! यत्न हें मनुष्याचें कर्तव्य. फळाची हमी देण्याचा अधिकार मास्तरास नाहीं. शिवाय स्वावलंबनाचा जो ग्रंथ जगभर गाजला, तो एकट्या-दुकट्याच्या नव्हे, एकमेकांस शिकविणाऱ्यांच्या खोलींत जन्मला, हें तर आम्ही साफ विसरलों होतों.

परवां आम्ही मुद्दाम त्या दुकानांत गेलों व म्हणालों, “बाळ, आमचें तें वाक्य आम्ही परत घेतों.” स्माइल्सच्या आईची हकीकत त्यास सांगितली आणि भावंडांची चौकशी केली. तिघेंही शिकून आपापल्या पायांवर उभीं आहेत. “म्हणजे त्या बाईंनीं केलें तें तूं केलेंस,” असें आम्ही बोलून गेलों. तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग तराजूंतील साखर पुडींत ओतीत म्हणाला, “गुरुजी, तरी ती परीक्षा पास व्हावयास हवी होती.”

खरें आहे. त्याची ती रुखरुख पुसून टाकण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्याचें वय अद्याप चाळीसही नाहीं, आणि आम्हांस संध्याकाळीं काम नसतें. पुढील सोमवारपासून दुकान बंद झाल्यावर त्यानें आमच्या घरीं यावयाचें ठरलें आहे. तो पास होईल असें वचन या खेपेस आम्हीं दिलेलें नाहीं.