कारभाऱ्याच्या तोंडी पुणेरी नको




२०१७ मध्ये स्टोरीटेल ही ऑडिओबुक सेवा मराठीत आल्यापासून भाकरी थापताना किंवा एसटीत बसल्या बसल्या परक्या मुलखात फिरून येणारे श्रोते तयार झाले, हे चांगलेच झाले. तक्रार एकच आहे. मुलूख कोणताही असो, माणसे मेंढके असोत की कोळी, कानावर पुष्कळदा एकाच घाटणीची प्रमाण मराठी पडते. 'न्हाई' असे छापता येते, त्यातला हेल छापता येत नाही. ऑडिओबुकाला तो देता येतो आणि नेमके तिथेच ते हात आखडते. 'बनगरवाडी'चेच घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ची ही कादंबरी औंध संस्थानातल्या धनगरवाडीची. गोष्ट सांगणारा राजाराम मास्तर बाहेरून आलेला, शिकलेला. वाडीचा कारभारी बोलतो ती माणदेशी. पोरसवदा मास्तर आणि वाडी यांच्यातले अंतर या दोन बोलण्यांतून ऐकू येते. कारभारीही मास्तरासारखाच बोलू लागला, तर मास्तर परका वाटायचा कसा?

अस्सल बोली शहरी श्रोत्याला कळत नाही, असे म्हणतात. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि खुद्द माडगूळकर यांच्या कथाकथनाला पुण्या-मुंबईचे श्रोते गर्दी करत, ते काय शब्दकोश घेऊन बसत होते? दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: बोलीची नक्कल केली की तिचे सोंग होते. मालिकांनी ते करून दाखवलेच आहे. पण म्हणूनच नकलाकार नको, त्या मातीतला माणूस हवा. म्हसवडच्या 'माणदेशी तरंग' या सामुदायिक रेडिओवर माणदेशातलीच माणसे बोलतात, तेव्हा आवाज मिळत नाही ही सबब चालणार नाही.

भाषांतराचे तंत्र वेगळे. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या 'चेम्मीन' या मल्याळम कादंबरीतल्या मच्छीमारांना आपल्या कोळ्यांची बोली चिकटवणे खोटे ठरेल. तिथे साधी मराठीच बरी. निदान माणसांच्या नि गावांच्या नावांचे उच्चार तरी मल्याळम जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावेत. त्यासाठी फार लांब जायला नको. खानापूर-आटपाडीकडच्या, सोने-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांची घरे केरळात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथे वाढलेल्या मुलांना प्रकाशकांनी विचारावे, आणि मानधनही द्यावे.

आपला,
एक श्रोता, दहिवडी (ता. माण, जि. सातारा)